सुताचे विणकाम आणि आपला उन्हाळा

(मंडळाच्या वैशाखातील कौटुंबिक मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सुताचे विणकाम’ हा विषय वाचून आपणांपैकी काही पुरुषमंडळींच्या मुखावर स्मित उमटलेले मी येथून पाहत आहे. विषय बायकांचा आणि वक्ता निवृत्त शिक्षक, हा योग चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपली ज्ञात मागावरची. धोटा फेकणारा हात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाचाच होता, आणि त्यात कोणास कधी कमीपणा वाटला नाही. मग त्याच हाताने सुई धरली तर काय बिघडले? युरोपातही मध्ययुगात सुयांवर विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते आणि ते पुरुषांचेच होते. मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली रचणारा विल्यम ली हा इंग्लंडातील एक धर्मोपदेशक होता. तेव्हा मागच्या रांगेतील बंधूंनी उठून जाण्याची घाई करू नये. पुढे त्यांच्याही कामाचे थोडे येणार आहे.

आपल्या भाषेची एक गंमत प्रथम सांगतो. लुगडे विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. चारही कामांना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. वस्तुतः मागावरचे विणणे आणि सुईवरचे विणणे यांची जात निराळी. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन स्वतंत्र धागे एकमेकांस अडवून धरतात, म्हणून कापड ताठ राहते, ओढले तरी फारसे ताणत नाही. सुईवर मात्र धागा एकच. त्याचा फास करावयाचा, त्या फासातून दुसरा फास ओढावयाचा आणि असे फासांत फास अडकवीत जावयाचे. म्हणून असे कापड हवे तिकडे ताणते, कोपर आणि टाच यांना बिलगते. आणि म्हणूनच त्यातला एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशाचेही तत्त्व फासाचेच, मात्र तेथे सुई एक, तीही आकड्याची, आणि प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो. ज्यांनी मागाजवळ बालपण घालविले त्यांना हा भेद बोटांनाच कळतो; इतरांसाठी म्हणून सांगितला.

विणकाम म्हटले की लोकर, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो कोठून आला हे उघड आहे. सुयांवरचे विणकाम आपल्या प्रांतात बहुतांशी साहेबांच्या बंगल्यांतून आणि मिशनच्या शाळांतून पसरले. ते लोक थंड मुलुखातले, त्यांचे सूत मेंढीच्या पाठीवर वाढणारे. त्यांनी लोकरीसाठी बांधलेले नियम आपण कलेबरोबर जसेच्या तसे उचलले. परंतु इतिहास पाहावा तर सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जे सर्वांत जुने नमुने आज जगात जपून ठेवलेले आहेत, ते इजिप्त देशात सापडलेले मोज्यांचे तुकडे आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे, पांढऱ्या व निळीने रंगविलेल्या सुताचे. सूत म्हणजे कापसाचे, लोकरीचे नव्हे. आणि इजिप्त म्हणजे उन्हाचा देश. आणि कापसाचे माहेर तर आपल्याच बाजूचे. मोहेंजोदडोच्या उत्खननात रुप्याच्या पात्राला चिकटलेले सुती कापड मिळाले, ते चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. ज्यांच्या अंगणात कापूस वेचला जातो त्यांनी विणकामासाठी लोकरीची वाट पाहावी, हे मला कधी पटले नाही.

होते काय, की मार्गशीर्षात सुया बाहेर निघतात आणि होळी झाली की पेटीत जातात. चैत्र-वैशाखातल्या ज्या दीर्घ दुपारी आपल्या नागपूर-चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही आणि घरातल्या सर्व बायका-मुलांना बाराच्या पुढे पडदे ओढून बसून राहावे लागते, नेमक्या त्याच दुपारी सुया बंद! कारण मांडीवर लोकरीचे ओझे घेऊन बसवत नाही, घामेजल्या बोटांना ती चिकटते. सुताचे तसे नाही. सूत मांडीवर थंड राहते. धातूची सुई घामाने अडखळत असेल तर बांबूची घ्यावी, हात अधूनमधून धुवावेत, आणि काम पांढरे असेल तर गुंडी एखाद्या वाडग्यात ठेवून वर रुमाल टाकावा; एवढी काळजी पुरे.

सूत थंड का, याचे उत्तर साधारणतः ‘ते घाम शोषते म्हणून’ असे देतात. ते अर्धेच खरे. लोकर तर सुताहून अधिक ओलावा शोषते. नेहमीच्या दमट हवेत लोकरीत तिच्या वजनाच्या शेकडा सुमारे १६ इतका ओलावा राहतो, कापसात सुमारे ८. भेद आहे तो तंतूच्या ठेवणीत. लोकरीचा तंतू जन्मतः कुरळा. त्याच्या वळ्यांत हवा कोंडून राहते आणि ती कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापसाचा तंतू बोंडात हिरवा असताना पोकळ नळीसारखा असतो. बोंड फुटून वाळले की ती नळी चपटी होऊन फितीसारखी पीळ खाते. तो पीळ आहे म्हणून कापूस काततो. पण तो लोकरीसारखा फुगत नाही, हवा धरून ठेवीत नाही, आणि शोषलेला घाम पसरवून वाऱ्याला देतो. माठाचे पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने सुताने अंग गार होते.

आणि येथे बाजारातली एक फसगत सांगणे प्राप्त आहे. आपण ज्या रंगीबेरंगी गुंड्यांना सर्रास ‘लोकर’ म्हणतो त्यांपैकी बहुतेक लोकर नसतेच. ते ॲक्रिलिक, खनिज तेलापासून कारखान्यात केलेला तंतू. त्यात ओलावा शेकडा दोनही मावत नाही. म्हणजे लोकरीचा कोंडमारा आहे आणि तिचा ओलावा शोषण्याचा गुण नाही. हिवाळ्यात मोठ्या माणसाने वापरावे, स्वस्त आहे, धुण्यास सोपे आहे. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. लहान मुलांविषयी आहे, त्याकडे येतो.

त्याआधी सूत निवडण्याविषयी. पूर्वीच्या मागाचे उरलेले सूत ज्यांच्या घरी आजही एखाद्या डब्यात असेल त्यांना ते वापरण्याचा मोह होईल. ताण्याचे सूत यास नालायक. त्याला पीळ कडक, वर खळ चढविलेली. सुईवर ते करकरते आणि विणलेली वस्तू अंगाला टोचते. विणकामास सैल पिळाचे, मऊ, अनेकपदरी सूत हवे. सुताचा नंबर कसा काढतात हे येथील वडीलधाऱ्यांस विदितच आहे: ८४० यार्डांची एक लडी, आणि अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका नंबर, म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. क्रोशाच्या दोऱ्याच्या गुंडीवरही १०, २०, ४० असे आकडे असतात आणि तेथेही मोठा आकडा म्हणजे बारीक दोरा, पण तो दोरा अनेकपदरी असल्याने मागाच्या सुताचा नंबर आणि हा नंबर एक समजू नये. त्या दोऱ्यावर जी रेशमासारखी चकाकी दिसते तिला मर्सराइज्ड म्हणतात. लँकेशायरमधील जॉन मर्सर नावाच्या कापड छापणाऱ्या गृहस्थास १८४४ च्या सुमारास आढळले की, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात कापसाचा तंतू फुगून गोल होतो, बळकट होतो आणि रंग अधिक धरतो. १८५० साली त्याने त्याचे पेटंट घेतले. चकाकी मात्र त्याच्या हाती आली नाही. सूत ताणून धरून ही क्रिया केली तर झळाळी येते हे होरेस लो याने १८९० च्या सुमारास दाखविले, तेव्हा मर्सर हयात नव्हता. लेस, तोरण, रुमाल यांस हा दोरा उत्तम. बाळाच्या अंगाला मात्र साधे, न चकाकणारे मऊ सूतच बरे.

लोकरीवर शिकलेल्या हाताला सुतावर प्रथम जड जाते. लोकर लवचीक, टाका थोडा कमी-जास्त झाला तरी ती आपल्या अंगाने सांभाळून घेते. सूत काही सांभाळून घेत नाही. जसा हात तसा टाका, आणि तो जन्मभर तसाच दिसणार. (शिक्षकाला असे सूत आवडावे यात नवल नाही.) लोकर ओढून सोडली की जागेवर येते, सूत येत नाही, म्हणून उलट-सुलट टाक्यांची मनगटपट्टी लोकरीत घट्ट बसते ती सुतात चार धुण्यांत लोंबू लागते. यासाठी पट्टीची सुई नेहमीपेक्षा एक-दोन नंबरांनी बारीक घ्यावी, किंवा पट्टीच्या आतून इलॅस्टिकचा धागा घालावा. माप धरताना तर विशेष जपावे. चार इंचांचा चौकोनी नमुना विणावा, त्यावर टाके मोजावेत, मग तो धुऊन वाळवून पुन्हा मोजावेत. सुती विणकाम पहिल्या धुण्यात उंचीला आटते. न धुता मोजलेले माप म्हणजे तोंडी हिशेब. वाळविताना दोरीवर टांगू नये. ओल्या सुताचे वजन फार, आपल्याच भाराने झबल्याचा झगा होतो. बाजेवर पंचा पसरून त्यावर आकार देऊन वाळवावे. कोकणात आणि मुंबईकडे ज्यांची घरे आहेत त्यांनी जाड सूत टाळावे. तिकडच्या दमट हवेत ते दोन दिवस वाळत नाही आणि त्याला वास मारतो. सूत ताणत नसल्याने मनगट व अंगठा लवकर दुखतात हेही खरे. साठीच्या पुढच्या भगिनींनी अर्ध्या तासाने सुया खाली ठेवाव्यात.

एका गुणात मात्र सूत लोकरीस मागे टाकते. लोकर ओली झाली की दुबळी होते. सूत ओले झाले की कोरड्याहून अधिक बळकट होते. म्हणून ते आपटून धुता येते, उकळत्या पाण्यात टाकता येते. लोकर उकळली तर आळून तिचा नमदा होईल. ज्या कपड्यावर दिवसातून दहा वेळा दूध सांडणार आणि आणखीही बरेच काही होणार, त्या कपड्याला दुसरा कोणता गुण हवा?

आता ज्यासाठी हे व्याख्यान मी मुख्यत्वे पत्करले त्या विषयाकडे येतो. बाळंतविडा! आपल्या घरांत लेकीच्या बाळंतपणाची चाहूल लागली की आजी, मावशी, आत्या सुया घेऊन बसतात. टोपडे, कुंची, झबले, पायमोजे, हातमोजे, सगळे त्या तथाकथित लोकरीचे, गुलाबी नाहीतर पिवळे. माया त्यात अपार असते. बाळ मात्र वैशाखात जन्मते. आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घालताना, ज्या खोलीत मोठी माणसे पदराने वारा घेत असतात, त्या खोलीत ते एवढेसे मूल डोक्यापासून पायापर्यंत ॲक्रिलिकमध्ये गुंडाळून ठेवलेले असते. कारण आत्याने विणले आहे, न घातले तर तिला काय वाटेल! बाळ रडते, कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते पोट दुखते. टोपडे काढून पाहण्याचे कोणास सुचत नाही.

तान्ह्या मुलाला अंगाची उष्णता नीट आवरता येत नाही. त्याला घामही आपल्यासारखा येत नाही. डोके हा त्याच्या शरीराचा मोठा भाग असल्याने बरीचशी उष्णता तेथूनच बाहेर जावयाची असते आणि नेमके तेच आपण झाकून टाकतो. मग कपाळावर, मानेच्या वळ्यांत घामोळे उठते; ते तर लहान दुखणे. उन्हाळ्यात तान्हे मूल फार तापले तर जिवावर बेतू शकते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आणि विशेषतः वजन कमी असलेल्या बाळाला, टोपडे घालून ऊब द्यावी असे डॉक्टर सांगतात, ते शिरोधार्यच आहे; त्यात आपले डोके चालवू नये. परंतु पुढे, धडधाकट बाळाला, घरात, मे महिन्यात, कुंची कशासाठी? कोणी म्हणेल, हातपाय गार लागतात हो. तान्ह्या मुलाचे हातपाय गार लागतातच. पाहावयाचे ते छातीला किंवा मानेच्या मागच्या बाजूला हात लावून. तेथे घाम किंवा चटका लागला की एक कपडा कमी करावा.

तेव्हा विणू नका असे मी म्हणत नाही. आजीने विणले नाही तर बाळंतविडा कसला? सुताचे विणा एवढेच म्हणतो. बिनबाह्यांचे, जाळीदार टाक्याचे झबले, मऊ सुताचे चौकोनी दुपटे, लाळेरे, क्रोशाच्या मुक्या खांबाचे धुण्यापुसण्याचे लहान पंचे. हे सर्व एका उन्हाळ्यात होते आणि पुढच्या भावंडालाही पुरते.

मात्र सुताच्या कामात एक धोका आहे आणि तो दडवून मी सुताची भलावण करणार नाही. सूत तुटत नाही. मोज्याच्या आत एखादा सुटा दोरा राहिला आणि तो बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर तो आवळत जातो, बोटाचे रक्त अडते. आणि बाळाला सांगता येत नाही, ते केवळ रडते. अशी मुले दवाखान्यांत येतात, वैद्यकाच्या ग्रंथांत यास स्वतंत्र नाव आहे. म्हणून प्रत्येक मोजा घालण्यापूर्वी उलटा करून पाहावा. दोऱ्याची टोके गाठ मारून कापू नयेत, सुईने टाक्यांत दूरवर ओवून जिरवावीत. हातमोजे शक्यतो विणूच नयेत, नखे कापावीत. पायमोज्यांत व दुपट्यात मोठ्या छिद्राची जाळी घालू नये, बोट अडकते. टोपड्याला गळ्याशी बांधण्याची नाडी आणि झबल्याला मोत्यासारखी बटणे, ही दोन्ही शोभेची कामे सोडून द्यावीत. आणि अखंड रडणाऱ्या बाळाची दृष्ट काढण्यापूर्वी त्याची वीसही बोटे एकदा पाहावीत.

मोठ्यांच्या वस्तूंविषयी फार सांगत नाही. आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. दारावरचे तोरण, देव्हाऱ्यातले आसन, उशीच्या अभ्र्याची लेस ही आपल्या घरांची जुनी ओळख. माठावरचे ते जाळीचे झाकण, कडेने मणी ओवलेले, मला सर्वांत आवडते. मण्यांच्या भाराने ते वाऱ्याने उडत नाही, हवा जाते, माशी जात नाही. असे शहाणे काम क्वचित पाहावयास मिळते. रुमाल ताठ ठेवावयाचे तर साबुदाण्याची पातळ खळ द्यावी व आकार ओढून टाचण्यांनी बसवावा. खळ पातळ हवी. जाड झाली तर ती पांढरी फुटते आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते.

आता मागच्या रांगेतील बंधूंसाठी.

आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील जोगिणींच्या मठांतून मुलींना सुती क्रोशा शिकविला गेला आणि त्या लेसच्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातील नरसापूरच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनऱ्यांनी हीच कला नेली. आजही तेथील हजारो स्त्रिया घरबसल्या सुताची लेस विणतात, ती परदेशी जाते. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. मारिया मीस या जर्मन विदुषीने त्या स्त्रियांवर एक ग्रंथ लिहिला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश असा की, त्या बायका दिवसाचे कित्येक तास विणीत, माल देशोदेशी खपे, व्यापारी वाढले. परंतु बायकांस मिळे ती मजुरी नाममात्र. कारण सर्वांनी, खुद्द त्यांच्या घरच्यांनीही, असे धरले होते की ह्या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, हे काही काम नव्हे.

हे वाचताना मला आंध्र आठवला नाही, आपले घर आठवले. माग बापाच्या नावाचा, मजुरी बापाच्या हातात. परंतु रहाटावर कांड्या भरीत कोण बसे? आई आणि बहिणी. कांडी भरली नाही तर धोटा रिकामा, आणि धोटा रिकामा तर माग बंद. त्या कांड्यांची मजुरी आपल्या ज्ञातीत कोणी कधी वहीत मांडली आहे काय? मी तरी अशी वही पाहिली नाही.

माग गेले. आता तीच चूक सुईवर होऊ नये एवढेच माझे मागणे आहे. दिवाळीपूर्वी मंडळाच्या विक्रीत भगिनींच्या वस्तू ठेवल्या जातात आणि किंमत ठरते ती सुताच्या वजनावर थोडे चढवून. उदाहरण घेऊ. एका झबल्यास सूत लागले ६० रुपयांचे, वेळ लागला आठ तास. ते आपण १०० रुपयांस विकले आणि लेकीला ४० रुपये दिले, तर तासाला पडले ५ रुपये. येथे बसलेला कोणता बंधू तासाला ५ रुपयांवर काम करील? त्याने हात वर करावा.

कोणाचा हात दिसत नाही. तेव्हा कार्यकारिणीस माझी सूचना अशी: यंदापासून प्रत्येक वस्तूबरोबर तिचे सूत किती व तास किती याची चिठ्ठी असावी, आणि किंमत तासांवर ठरावी. वस्तू महाग होईल, कमी खपतील, हा आक्षेप येईल हे मी जाणून आहे. कमी खपू द्याव्यात. ज्या खपतील त्यांचे दाम ज्या हाताने टाका घातला त्या हातात पडले पाहिजे. आणि ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावे. शिकविण्याचे म्हणाल तर, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलगे व मुली दोघेही माझ्याकडे क्रोशा शिकत, आणि साखळी घालण्यात मुलगे मागे नसत. म्हणून उन्हाळी वर्ग निघाला तर तो केवळ मुलींसाठी नसावा.

वर्गाची वेळ दुपारी एक ते तीन ठेवावी असे महिला शाखेचे मत आहे, मलाही ते मान्य आहे. नावे चिटणीस भगिनींकडे द्यावीत. समोरच्या टेबलावर झबली, दुपटी आणि न धुतलेल्या व धुतलेल्या नमुन्यांचे चौकोन मांडून ठेवले आहेत. माप किती आटते ते फूटपट्टी लावून आपणच पाहावे. पांढरे काम आहे, तेवढे हात धुऊन यावे. पाण्याची सोय दाराबाहेर डाव्या हातास केलेली आहे.